शनिवारचा सिनेमा सांगणारी

आज दुपारी माझ्या नणंदेचा फोन आला आणि मी तिला विचारलं, "कोण बोलतंय?" फोनवर नाव तिचंच दिसत होतं, तरी विचारलं. पलीकडून आधी खरखर आली, मग खोकला, मग पुन्हा खरखर. त्या खरखरीत कुठेतरी "मीच गं" असं होतं.

तेव्हापासून माझं कशात लक्ष नाही. रात्रीच्या भाजीत मीठ दोनदा पडलं. नवऱ्याने ती मुकाट्याने संपवली. एरवी एवढ्यावरून तो झोपेपर्यंत मला चिडवतो. तो काही बोलला नाही, म्हणजे त्याच्याही डोक्यात बहिणीचा आवाजच असणार.

मी काळजी करणारी बाई आहे, हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे. मुलगी शहरात शिकायला गेल्यापासून तर बघायलाच नको. तिने फोन उचलला नाही की पाच मिनिटांत मी तिला कुठल्यातरी बसखाली ढकललेली असते. मन चिंती ते वैरी न चिंती, ही म्हण माझ्याकडे बघूनच कुणीतरी केली असावी. त्यामुळे माझ्या काळजीला घरात फारसा भाव नाही. पण माझ्या नेहमीच्या काळज्या सैरावैरा धावतात आणि संध्याकाळपर्यंत दमून झोपतात. नणंदेच्या आवाजाची काळजी तशी नाही. ती हंगाम सुरू व्हायच्या आधीपासून येऊन बसली आहे आणि उठायचं नाव घेत नाही.

हंगाम म्हणजे सिनेमाचा. आमच्याकडे वर्षातले काही महिने वारा असा सुटतो की समुद्रात कुणी जात नाही. होड्या वर ओढून उताण्या माशांसारख्या किनाऱ्यावर पडलेल्या असतात, पलीकडे जाणारी लाँच बंद असते, आणि धक्क्यावरची तिकिटाची खिडकीही बंद. त्या खिडकीत बसणारी बाई म्हणजे माझी नणंद. गावाला तिचं खरं नाव सांगितलं तर निम्मे लोक विचारतील, ही कोण. तिला सगळे भोंगाताई म्हणतात. लहानपणी ती धक्क्यावर उभी राहून बापाच्या होडीला हाक मारायची आणि ती खाडीच्या तोंडापर्यंत ऐकू जायची म्हणे. पुढे लाँचवर तिकिटं द्यायला लागली तेव्हा लाँचचा खरा भोंगा दोन वर्षं बिघडलेला होता. कुणी तो दुरुस्त करायच्या भानगडीत पडलं नाही. खिडकीतून डोकं बाहेर काढून ती एकदा "चला" म्हणाली की बाजारातली माणसं हातातली पिशवी तशीच टाकून धावत सुटायची.

एवढा आवाज, आणि अंगाने बघाल तर मुठीत मावेल. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा वाटलं होतं, ही दुसऱ्या खोलीत कुणाशी तरी भांडते आहे. ती मांजराशी गप्पा मारत होती.

सिनेमे सुरू केले माझ्या सासऱ्यांनी. होडी घेण्याआधी ते जहाजावर होते, चार बंदरांतल्या चार भाषांचे तुकडे खिशात घेऊन घरी परतले. वाऱ्याच्या महिन्यांत गावाचा हॉल रिकामा असे, माणसंही रिकामी असत, आणि रिकाम्या माणसांची भांडणं होत. कुंपणावरून, कोंबडीवरून, कुणी कुणाकडे कसं बघितलं त्यावरून. सासऱ्यांनी ओळखीच्या एका खलाशाकडून जुनं यंत्र आणलं आणि शहरातल्या सिनेमावाल्या मंडळाकडून रिळं मागवली. मंडळाकडे असत ते सगळे परभाषेतले सिनेमे. बघायला आलेल्यांना ओ की ठो कळेना. तेव्हा सासरे उठून पडद्याशेजारी उभे राहिले आणि सांगायला लागले. तेव्हापासून आमच्या गावात सिनेमा बघायला जातो असं कुणी म्हणत नाही. ऐकायला जातो म्हणतात.

हॉल म्हणजे काय, वरती पत्रे, खाली फरशी, आणि कोपऱ्यात वर्षभर ठेवलेल्या जाळ्यांचा वास. पडदा म्हणजे जाडं पांढरं कापड. फटीतून आलेल्या वाऱ्याने ते फडफडू नये म्हणून त्याच्या खालच्या काठाला जाळ्याची शिशाची वजनं शिवली आहेत. यंत्र आता नवीन, छोटंसं, डब्याएवढं आहे. ते चालवतो बर्फवाला. मासळी नसते तेव्हा बर्फ कुणाला हवाय, म्हणून तोही मोकळाच असतो. मध्यंतर भरतीप्रमाणे होतं. पाणी वर चढलं की सिनेमात लग्न लागत असो की कुणी बुडत असो, यंत्र थांबतं, पुरुषमाणसं जाऊन होड्यांचे दोर बघून येतात, आणि मग उरलेलं लग्न लागतं.

सासऱ्यांचा आवाज असाच बसला होता. आधी खरखर, मग कुजबुज. "हंगाम होऊ दे, मग दाखवतो," म्हणत राहिले. हंगाम झाला तेव्हा दाखवण्यासारखं बरंच काही होतं आणि करण्यासारखं थोडं. शेवटच्या वर्षी ते पहिल्या बाकावर बसायचे आणि पडद्याशेजारी मुलगी उभी असायची. ते गेल्यानंतरच्या शनिवारीही ती उभी राहिली. लोक म्हणाले, आज राहू दे. ती म्हणाली, "त्यांनी अर्धा सांगितलेला सिनेमा आहे, पुरा नको करायला?"

तिची सांगण्याची रीत मात्र तिची स्वतःची. "तो म्हणतो, ती म्हणते" असलं काही नाही. पडद्यावरच्या सगळ्यांना ती आधी नातं लावून टाकते. "हा थोरला. हा घरात कमी बोलतो आणि बाहेर जास्त, म्हणजे आपल्यातलाच. ही त्याची धाकटी बहीण, हिचं याच्याशी पटत नाही, पण चहा त्यालाच आधी देते." बघता बघता कुठल्या कुठल्या देशातली माणसं आमच्या आळीत राहायला येतात. मधेच पहिल्या बाकावरची आजी विचारते. जाळी विणणाऱ्याची ही आई, तिने काही विचारल्याशिवाय सिनेमा पुढे सरकतच नाही.

"अगं, याची बायको कुठे आहे?"

"माहेरी, आजी."

"भांडून?"

"ते अजून सांगितलेलं नाही त्यांनी."

"मग भांडूनच."

आणि भोंगाताई हे सगळं वाऱ्यावर, पत्र्याच्या खडखडाटावर आवाज चढवून करते. माईक दोनदा आणून दिला. "यात माझा आवाज मलाच चुलत वाटतो," म्हणाली आणि परत केला.

एकदा तिची मोठी फजिती झाली होती. नवा सिनेमा आदल्या दिवशीच आला, तिला आधी बघायला मिळाला नाही. सुरुवातीला एक उमदा गडी दिसला, रुंद खांद्यांचा, डुलत चालणारा. हिने सांगून टाकलं, "चाल बघा, अगदी आपल्या बर्फवाल्यासारखी." हॉल हसला, यंत्रामागे बर्फवालाही खूश झाला. पुढे तोच गडी मित्राला वादळात सोडून त्याची होडी घेऊन पळाला. पडदा एकदम काळा झाला. बर्फवाल्याने यंत्र बंद केलं होतं.

"काय झालं रे?" कुणीतरी ओरडलं.

"आधी त्याची चाल बदला," बर्फवाला अंधारातून म्हणाला. "मग लावतो."

शेवटी भोंगाताईला जाहीर करावं लागलं की चाल बर्फवाल्याची असली तरी करणी त्या गड्याची स्वतःची आहे. तेव्हा उजेड आला. तरी महिनाभर बर्फवाल्याची बायको तिच्याशी बोलत नव्हती.

त्या दिवसापासून ती सिनेमा आधी बघितल्याशिवाय सांगत नाही, आणि बघते माझ्या स्वयंपाकघरात. गुरुवारी दुपारी लॅपटॉप घेऊन येते, पिठाच्या डब्याला टेकवून ठेवते, आणि सिनेमा चालू करून मला सांगायला लागते. खाली परक्या भाषेतली अक्षरं पळत असतात. तिला ती बापाने वाचायला शिकवली, मला कॉलेजात. मी इस्त्री करता करता ऐकते. कधी म्हणते, हे असं नको, आजींना कळणार नाही. कधी म्हणते, पुढे काही वाईट तर होणार नाही ना? त्यावर ती हात जोडते. "वहिनी, तू सिनेमा काढलास ना, तर त्यात सगळे वेळेवर जेवतील आणि कानटोपी घालून झोपतील."

लग्न तिने केलं नाही. विचारलं की म्हणायची, "शनिवारी संध्याकाळी मोकळं सोडणारा नवरा असेल तर दाखवा." दोन जण तसे तयार होते, असं माझ्या सासूबाई सांगायच्या. मग तिने शुक्रवारही मागितला.

आता गेल्या शनिवारचं सांगते. सिनेमा फार सुंदर होता. एक माणूस म्हाताऱ्या आईला खाटेसकट हातगाडीवर घालून डोंगरापलीकडच्या तिच्या गावी घेऊन निघालेला. वाटेत एक पूल लागतो. पुलावरचा राखणदार गाडी अडवतो आणि खाटेकडे बघून काहीतरी विचारतो.

इथे भोंगाताईने तोंड उघडलं आणि आवाजच आला नाही.

आधी कुणाला काही वाटलं नाही. ती मुद्दामही थांबते कधी कधी, लोकांचा जीव टांगणीला लावायला. पण पडद्यावरची माणसं बोलतच राहिली. त्यांची ती भाषा हॉलमध्ये नुसती, उघडी अशी पहिल्यांदाच ऐकू येत होती. मग आजी म्हणाली, "काय विचारतोय गं तो?"

"पुलावरून जाऊ देत नाही," मागून कुणीतरी सांगितलं.

"का पण?"

"पूल त्याचा असेल."

"पूल काय कुणाच्या बापाचा असतो?"

"त्याला वाटतंय चोरीची खाट आहे."

"आईसकट कोण खाट चोरील?"

हॉल हसत होता. तीही हसत होती, पण आवाजाशिवाय, आणि तिचा हात गळ्यावर होता. तो राखणदार काय विचारतो ते मला ठाऊक होतं. गुरुवारीच तिने सांगितलं होतं. तो विचारतो, ही जिवंत आहे का? आणि मुलगा काही बोलायच्या आत खाटेवरून म्हातारीच म्हणते, अजून ठरवलेलं नाही. तिसऱ्या बाकावर बसून मी ते मनातल्या मनात म्हटलंही. मनाबाहेर मात्र आलं नाही.

मग ती पाणी प्यायली आणि कुजबुजत सांगायला लागली. पहिल्या बाकाला ऐकू जायचं, तो बाक मागे वळून दुसऱ्याला सांगायचा, दुसरा तिसऱ्याला. माझ्या बाकापर्यंत येईतो म्हातारी आजारी पडलेली असायची. शेवटच्या बाकाशी पोचेतो ती मेली होती, पूल पडला होता, आणि मुलाने राखणदाराच्या बहिणीशी लग्न केलं होतं. सिनेमा संपल्यावर दारातून बाहेर पडताना मागचे लोक डोळे पुसत होते आणि पुढचे विचारत होते, हे का रडतायत, पोचली की ती घरी.

घरी येताना सगळे म्हणाले, अशी मजा कधी आली नव्हती. ती मला खुणेने म्हणाली, सर्दी.

सोमवारी मी तिला दंडाला धरून दवाखान्यात नेलं. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई तरुण आहेत, माझ्या मुलीपेक्षा थोड्याच मोठ्या. त्यांनी विचारलं, आवाज कधीपासून असा आहे. ती म्हणाली, थोडे दिवस. मी म्हणाले, होड्या वर ओढल्या त्याच्याही आधीपासून. तिने मला पायाने ढोसलं. डॉक्टरीणबाईंनी बॅटरी लावून घसा बघितला, गळा चाचपून बघितला, मग घरात कुणाला असं काही झालं होतं का ते विचारलं. भोंगाताई भिंतीवरच्या दातांच्या चित्राकडे बघायला लागली. मी सासऱ्यांचं सांगितलं.

"तेच असेल असं मुळीच नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "ओरडून ओरडून शिक्षकांना गाठी येतात, गाणाऱ्यांना येतात, त्या साध्या असतात. पण आत दुर्बीण घालून बघितल्याशिवाय मी काही सांगू शकत नाही. शहरातले घशाचे डॉक्टर शनिवारी बसतात. या शनिवारी जाऊन या. आणि तोपर्यंत तोंड बंद."

"दुर्बीण घालून काय दिसणार?" ती खरखरली. "आत नुसते सिनेमे आहेत."

"बोलू नका म्हटलं ना," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

परत येताना समुद्राच्या कठड्याने चाललो. वारा तोंडावर होता. तिने ओढणी नाकावर घट्ट धरली आणि त्यातून म्हणाली, "हंगाम होऊ दे."

"हे तुझ्या बाबांचं वाक्य आहे," मी म्हणाले.

"म्हणून तर पाठ आहे."

घरी आल्यावर चहाचा कप दोन्ही हातांत धरून तिने खरं काय ते सांगितलं. एक एक शब्द असा काढत होती, जसा पायातला काटा काढावा.

"गाठीचं बघू गं. भीती वाटते, नाही असं नाही. पण एक शनिवार हॉल बंद राहिला ना, की लोक घरी बसतील. घरोघरी टीव्ही आहे. घरी बसायची एकदा सवय लागली की पुढच्या शनिवारी कोण येतंय? आजी तर चालतच नाही शनिवारशिवाय. त्यापेक्षा उरलेले चार सिनेमे मी कुजबुजत काढते."

"बर्फवाला म्हणत होता, खाली अक्षरं येतात ती वाचतील लोक."

"कोण वाचेल? आजी?"

"नाहीतर तुझा आवाज भरून ठेवायचा."

"भरलेला आवाज आजीला उत्तर देईल?"

खरंच आहे. आजीने विचारायचं आणि पडद्याशेजारी कुणी नाही, हे मला नुसतं डोळ्यांसमोरही आणवेना.

तेव्हापासून ती शनिवारचं नाव काढलं की विषय बदलते. आजच्या फोनवरही तिला एवढंच सांगायचं होतं की उद्या गुरुवार आहे, नवा सिनेमा आला आहे, ती जेवण झाल्यावर येते. मी म्हणाले, येऊ नकोस, आवाज खर्च करू नकोस, शनिवारी बसने शहरात जायचं आहे. ती म्हणाली, "बघू." या घरात बघू म्हणजे नाही.

संध्याकाळी नवरा अंगणात इंजिनाचा कुठलासा भाग रॉकेलमध्ये धूत बसला होता. मान वर न करता म्हणाला, "शनिवारी पहाटे एक बस आहे. खाडीला वळसा घालून जाते, पण दुपारच्या आत पोचते. मी विचारून आलोय."

"तू जाणार तिच्याबरोबर?"

"मग काय तिला एकटीला पाठवू?" तो भाग त्याने फडक्यावर ठेवला, पुन्हा उचलला, पुन्हा धुवायला घेतला. "बाबांच्या वेळी मी म्हटलं होतं, त्यांना कळतंय ना, जातील तेव्हा जातील."

"पण ती येईल का?"

"ते तुझ्याकडे. तिच्याशी बोलून मी आजवर कधी जिंकलोय?"

मग मी मुलीला फोन केला. ती इस्पितळात नर्सिंग शिकते, त्यामुळे हल्ली माझ्या काळज्या तिला आजारांच्या नावासकट सांगाव्या लागतात. तिने सगळं शांतपणे ऐकून घेतलं, दोन-चार प्रश्न विचारले आणि म्हणाली, "आई, हे थांबायचं नाही. या शनिवारीच. हवं तर मी येते. मी सांगते सिनेमा."

माझ्या डोळ्यांसमोर लगेच रात्रीची बस आली, कड्यावरचा रस्ता, वारा, झोपाळू ड्रायव्हर. "नको नको. तुझी परीक्षा आहे. आणि या वाऱ्यात तो रस्ता..."

"बरं, मग तू सांग."

"मी काय सांगू?"

"सिनेमा. तुला वाचता येतो, समजतो, आत्या दर गुरुवारी तुलाच सांगते. आणि लहानपणी मला झोपताना कोण सांगायचं?"

"ते तुला एकटीला. पांघरुणात."

"हो, आणि त्यात कुणी मरायचं नाही." ती हसायला लागली. "इथे आल्यावर मी त्यातला एक बघितला, माहितीये? तो दोन भावांचा. तू सांगितलं होतंस, थोरला समुद्रावरून परत येतो आणि सगळे जेवायला बसतात. इथे तो मध्यंतराच्या आधीच बुडाला. मी आपली शेवटपर्यंत बसून होते, आता येईल, मग येईल. मैत्रिणी म्हणाल्या, चल, संपला."

"तू तेव्हा लहान होतीस."

"मी सांगते तुला, पहिल्या बाकावरच्या आजींना तो असा बुडणाराच आवडला असता. विचार कर, आई. मला ड्युटी आहे."

विचार करायला मला कुणी सांगावं लागत नाही. नवरा झोपल्यापासून मी तेच करते आहे. पडद्याशेजारी मी उभी आहे. माझा आवाज बाकांच्या दुसऱ्या रांगेत जाऊन पडतो. पत्रा खडखडतो, मागून कुणी म्हणतं, जोरात. आजी विचारते, याची बायको कुठे, आणि मला आठवत नाही. कुणीतरी मरायला टेकतो आणि मी आपली पटकन म्हणते, काही होणार नाही हो, बरा होईल. बर्फवाला दिवा लावतो. लोक उठतात.

हे सगळं मी नीट, अगदी शेवटच्या बाकापर्यंत घडवून बघितलं. मग दुसरं बघितलं. पुढचा शनिवार, त्याच्या पुढचा, आणि पडद्याशेजारी ती, पाणी पिते, कुजबुजते, हात गळ्यावर. मग पहिल्या बाकावर ती. हे मात्र मला शेवटपर्यंत बघवलं नाही. आणि मला न बघवणारं काही आहे, हे मला आज पहिल्यांदा कळलं. एरवी मी अशा गोष्टी पार तेराव्या दिवसापर्यंत बघून येते.

लोक उठले तर उठले. अर्धा हॉल बसला तरी शनिवार झाला असंच म्हणतील. मी आजीला सांगेन, आठवत नाही, तुम्हीच सांगा, ती सांगेल. आजीला तेच तर हवं असतं.

आता प्रश्न राहिला तिला सांगण्याचा. समोर बसून सांगितलं तर ती भुवया उडवील, नक्कल करील, मला हसवील आणि विषय दारातून बाहेर काढील. गेली कित्येक वर्षं हेच चाललंय. फोनवर मात्र भुवया दिसत नाहीत. रात्री उशिराचा फोन म्हणजे वाईट बातमी, हे या घरात मीच सगळ्यांच्या मनावर बिंबवलं आहे, त्यामुळे ती आधी दचकेल. दचकू दे. मागच्या दारातून बघितलं तर धक्क्यावरच्या तिच्या खोलीत दिवा आहे. नवा सिनेमा बघत असणार, आवाज बंद ठेवून, मांजराला ओठ हलवून सांगत.

काय बोलायचं ते ठरलं आहे. उद्या ये, लॅपटॉप आण, पण तोंड उघडायचं नाही. उद्या सिनेमा मी सांगणार, तू इस्त्री करायची. चुकलं तर हाताने दाखव. शनिवारी पहाटे दादाबरोबर बसमध्ये बसायचं, आणि हॉलची चिंता करायला मी आहे, ते काम मला चांगलं येतं.

ती मधे तोडायला बघेल. आज तिला ते जमायचं नाही. नाही म्हणायलासुद्धा आवाज लागतो. मी फोन लावते.